रेडियम हा शब्द

मुलांनो,

गेल्या रविवारी तुम्ही मला फोनवर तुमचा खेळ दाखवलात. एक शिपाई कुठल्याशा कारखान्यात धावत होता, जागोजागी हिरवी चमकणारी पिंपं ठेवलेली होती, आणि धाकटी ओरडली, “आजी, ते युरेनियम आहे!” माझ्या तोंडून पटकन निघालं, “युरेनियम हिरवं नसतं.” थोरल्याने विचारलं, “आजी, तुला काय माहीत?” आणि तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली.

उत्तर राहून गेलं. फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आईकडून वाचून घ्या. तिने मधली वाक्यं गाळली तर मला कळवा. शब्द गाळले की काय होतं, तेही यात आहे.

ते वाक्य मुळात माझं नव्हे. पनवेलला आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत असत, त्यांचं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. नाव चुकीचं छापून येण्यापेक्षा न आलेलं बरं, असं तेच म्हणत. नव्वद सालानंतरची ती चार-पाच वर्षं. तुमची आई तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होती, त्यामुळे हे तिला अर्धंच माहीत आहे.

ते एका सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. तिथे काम करणारी माणसं छातीवर फिल्मचा एक छोटा तुकडा लावत. महिनाभराने तो धुऊन पाहिला की त्या माणसाने किती किरणोत्सर्ग अंगावर घेतला ते कळे. हे तुकडे वाचायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्यामुळे कोणीही भेटलं की ते आधी त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशाकडे पाहत आणि मग तोंडाकडे. नवीन माणसाला वाटे, खिशातलं पेन गळतंय.

त्यांच्या नोकरीत तीन नियम होते: वेळ, अंतर, आडोसा. धोक्याच्या वस्तूजवळ कमी वेळ थांबा, लांब उभे राहा, मध्ये काहीतरी जाड ठेवा. हे नियम त्यांनी घरी आणले. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की ते दारातून म्हणत, “लवकर बोला, लांबून बोला,” आणि दार लावून घेत. तो आडोसा. लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका आल्या की ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जात आणि मला सांगत, “बाई, त्या बत्तीच्या जाळीत थोरियम असतं. थोडंच असतं. पण नवरदेवाला कोणी सांगितलंय का?”

एकदा मी त्यांना कैरीच्या लोणच्याची बरणी दिली. सव्वा महिन्याने बरणी परत आली, घासूनपुसून, आणि तळाशी कैरीची एक फोड. मी म्हटलं, ही का ठेवलीत? म्हणाले, “दर सहा दिवसांनी निम्मं लोणचं संपतं, असं माझ्या लक्षात आलं. म्हणजे त्याचं अर्धायुष्य सहा दिवस. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं. गणिताने ते कधीच संपत नाही. शेवटची फोड खाल्ली असती तर गणित मोडलं असतं.”

अर्धायुष्य म्हणजे काय, हे मला त्या फोडीने समजलं. तुमच्या शाळेतही हा धडा असेल. तेव्हा लोणचं आठवा.

आता खालच्या दुकानाबद्दल. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक गाळा होता. तो काशिनाथने घेतला. काशिनाथ जवळच्याच विचुंबे गावचा. त्याच्या वडलांचा जन्म मिठागरात खपण्यात गेला होता. “बाई, सावलीत बसून करायचा हा आमच्या घरातला पैला धंदा हाय,” असं तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला, आणि दुकानावर पाटी लावली: ‘रेडियम आर्ट’.

तुम्ही तिकडे परदेशात वाढलात, म्हणून सांगायला हवं. आपल्याकडे गाड्यांच्या मागे जो चमकणारा कागद चिकटवतात, उजेड पडला की लखलखतो तो, त्याला सगळे रेडियम म्हणतात. त्यात रेडियम नसतं. काचेचे बारीक मणी असतात, ते दिव्याचा उजेड परत फेकतात. पण शब्द रूढ झाला तो झालाच. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रक येत. ड्रायव्हर नंबर प्लेटवर रेडियम लावून घेत, मागे देवाचं नाव कापून घेत. ते होईपर्यंत अर्धा तास जाई. ड्रायव्हर लोकांना बसायला काहीतरी हवं, म्हणून काशिनाथने व्हिडिओ गेमची दोन मशिनं आणून ठेवली.

पाटी लागली त्या दिवशी वरचे गृहस्थ खाली उतरले.

“तुमच्याकडे रेडियम आहे?”

“हाय ना काका. लाल, पिवला, हिरवा. कंचा देऊ?”

“किती आहे?”

“दोन रोल हाय. आजून पायजे तर मागवतो.”

ते तीन पावलं मागे सरले. मग वर येऊन मला म्हणाले, “बाई, एक ग्रॅम रेडियम काढायला कित्येक टन खनिज गाळावं लागतं. आणि हा दोन रोल म्हणतो!”

त्या दिवसापासून ते रोज दुकानात जाऊ लागले. आधी भांडायला, मग मशिनवर खेळायला. त्यातल्या एका खेळात तुमच्या खेळातल्यासारखाच एक नायक होता आणि तशीच हिरवी पिंपं. बाकीचे लोक नायकाला पिंपांवरून उड्या मारायला लावत. हे मात्र त्याला एका खोक्यामागे नेऊन उभं करत आणि हात मांडीवर ठेवून बसत. पडद्यावर वेळ उलटी मोजली जाई आणि शेवटी नायक मरे.

“मेला,” ते समाधानाने म्हणत. “पण डोस घेतला नाही.”

“काका, त्याला पुढे तरी न्या,” काशिनाथ म्हणे.

“पिंपात काय आहे ते लिहिलेलं नाही. कोबाल्ट धरलं तर त्याचं अर्धायुष्य पाच वर्षांच्या थोडं वर. अशी दहा अर्धायुष्यं थांबलं की मग पुढे जायला हरकत नाही.”

“म्हंजे किती?”

“पन्नास-बावन्न वर्षं.”

“पन्नास वर्सं मशिन अडवून ठेवनार काय तुमी? मागे ड्रायव्हर उबे हाईत!”

ड्रायव्हर मात्र रागावत नसत. त्यांना ते आवडू लागले होते. एकाने विचारलं, युरेनियम असतं तरी कसं? ते म्हणाले, “तुमच्या कळंबोलीच्या पत्र्यासारखं, राखाडी. हवा लागली की काळं पडतं. पण लोखंडाच्या जवळजवळ अडीचपट जड.”

“मग आरटीओवाला पकडेल,” ड्रायव्हर म्हणाला.

“आणि चमकत नाही?” दुसऱ्याने विचारलं.

“चमकत नाही. हिरवं तर नाहीच. अणुभट्टी पाण्यात ठेवलेली असते, तिथे पाण्यात निळा उजेड दिसतो. मी पाहिलाय.”

“मग खेळात हिरवं का?”

“घड्याळांमुळे,” एवढंच म्हणून ते वर निघून गेले. कोणालाच काही कळलं नाही. मी जिन्यात त्यांना विचारलं, तो निळा रंग कसा असतो हो? दोन दिवसांनी सकाळी दार वाजवून ते म्हणाले, “विचार केला. कशासारखाही नाही,” आणि गेले.

आता माझी चूक.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे. निबंध तपासून तपासून मला एक सवय लागली. जादा शब्द दिसला की तो खोडल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडत नाही. वरचे गृहस्थ अर्ज फार लिहीत, आणि पाठवण्याआधी मला दाखवत. एके दिवशी त्यांनी एका कार्यालयाला लिहिलेला अर्ज आणला. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: ‘सदर दुकानात रेडियम हा शब्द विनापरवाना वापरला जात असून त्यामुळे लोकांची दिशाभूल होत आहे.’

अर्ज दोन पानांचा होता. मी तो एका पानावर आणला. ‘हा शब्द’ हे दोन शब्द मला अगदीच भरताड वाटले. ते मी खोडले, ‘वापरला’चं ‘वापरले’ केलं, आणि सुवाच्य अक्षरात नवी प्रत लिहून दिली. ते प्रत्येक कागद तीनदा वाचणारे. हा मात्र न वाचताच सही करून मोकळे झाले. म्हणाले, “तुम्ही तपासलेलं मी तपासत नाही.”

तीन आठवड्यांनी काशिनाथ कागद घेऊन माझ्याकडे आला. “बाई, जरा वाचा ना. सील मारनार असा कायतरी लिवलाय.”

मी वाचलं. ‘आपल्या दुकानात रेडियम विनापरवाना वापरले जात असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. प्रत्यक्ष पाहणी करून दुकान सील करण्यात येईल.’ वाक्य माझं होतं. इतकं नीटनेटकं वाक्य त्या कार्यालयात दुसऱ्या कोणी लिहिलं नसतं.

“आमी काय केला हो?” काशिनाथ म्हणाला. “बापाला आता काय सांगू? परत मिठागरात जाऊ?”

मी त्याला तेव्हा काही सांगितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं. वर गेले आणि गृहस्थांना कागद दाखवला. त्यांनी माझी प्रत काढून पहिल्यांदाच वाचली. बोट वाक्यावरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

“इथे ‘हा शब्द’ होता.”

“मी काढला.”

“का?”

“जादा वाटला.”

ते रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते खुर्चीत बसले. म्हणाले, “बाई, सगळा अर्ज तेवढाच होता.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कार्यालयात गेलो. कारकुनाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, पाहणीचा हुकूम निघालाय, आता फायलीत शब्द घालता येणार नाही. जे काय असेल ते साहेबांना जागेवर दाखवा.

पाहणीच्या दिवशी मी माझ्या वडलांचं मनगटी घड्याळ घातलं. पुरुषी, मोठं, माझ्या हातात गरगर फिरायचं. एरवी ते कपाटात असे. शाळेची तपासणी असली, किंवा तसाच काही कसोटीचा दिवस असला, की मी ते घालत असे. लहानपणी वडील मला गोधडीत घेऊन अंधारात त्याचे हिरवे आकडे दाखवत. पुढे चमक गेली. त्यातलं रेडियम संपलं, असं आमच्या घरी म्हणत.

साहेब दुपारी आले. बरोबर शिपाई, त्याच्या हातात लाख, मेणबत्ती आणि पांढरं कापड. वरचे गृहस्थ त्यांनी घरी बनवलेला काउंटर घेऊन आधीच बसले होते. काउंटर म्हणजे ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा. त्याच्या झाकणातून एक नळी बाहेर काढलेली आणि आत जुन्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर. किरणोत्सर्ग असला की डबा टिकटिक करे.

“रेडियम कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

काशिनाथने दोन्ही रोल पुढे केले. साहेब मागे सरकले.

“हे रेडियम नाही,” गृहस्थ म्हणाले.

“आपण कोण?”

“तक्रारदार.”

“मग आहे असं तुम्हीच लिहिलंत ना?”

“नाही असं लिहिलं होतं. पाहा.” त्यांनी गॅसबत्तीची जाळी नळीजवळ धरली. डबा टिकटिकू लागला. “हे थोरियम. म्हणजे डबा चालू आहे. आता हे दोन रोल. ऐका.”

“काही ऐकू येत नाही.”

“तेच ऐका.”

सगळे ऐकत राहिले. एखादी टिक आली. शिपाई दचकला. “ही कसली?”

“ती सगळीकडेच असते. जमिनीतून येते, आकाशातून येते.”

“म्हणजे आपलीच?”

“सगळ्यांची.”

साहेबांनी कपाळ पुसलं. “बरं. म्हणजे हे रेडियम नाही. मग पाटीवर का लिहिलंय?” त्यांनी फाइल उघडली. “आता बघा. असलं तर विनापरवाना. नसलं तर ग्राहकांची फसवणूक. दोन्हीकडून मला सील मारावंच लागतं.”

“सायेब,” काशिनाथ काकुळतीला येऊन म्हणाला, “काय बोललो तर दुकान वाचंल, तेवढा तरी सांगा. मी तसा बोलतो.”

शिपायाने मेणबत्ती पेटवली. ते बघवेना, म्हणून मी वर घरी गेले आणि वेळ काढायला चहा घेऊन आले. ट्रे साहेबांपुढे धरला, आणि टेबलावरचा डबा कडाडला. मी दचकून ट्रे मागे घेतला. डबा शांत झाला. पुन्हा पुढे केला. पुन्हा कडकड.

साहेबांनी हात आखडता घेतला. “चहात काय आहे?”

“आलं,” मी म्हटलं.

गृहस्थ उठले. त्यांनी कपाकडे पाहिलंच नाही. माझ्या मनगटाकडे पाहिलं. “बाई, हात,” म्हणाले, आणि नळी घड्याळावर आणली. टिकटिक उरली नाही, एकच सलग आवाज झाला. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव मी विसरलेले नाही. ज्या वस्तूवरून ते सगळ्या पनवेलशी भांडले, ती त्यांच्या पायाखालच्या मजल्यावर माझ्या साड्यांच्या घड्यांत पडलेली होती.

“ते काय आहे?” साहेबांनी दरडावून विचारलं.

मला कळून चुकलं. हे गृहस्थ खोटं बोलत नाहीत. लोणच्याच्या बाबतीतसुद्धा बोलले नव्हते. आता ते खरं सांगणार. मग दुकान जाणार, वडलांचं घड्याळ जाणार, बहुधा इमारतही जाणार.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काशिनाथकडे पाहिलं. मग लाखेकडे.

“रेडियम,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“रेडियम.” आवाज खाली गेला. “घड्याळाच्या आकड्यांना लावतात. अंधारात दिसावं म्हणून.”

साहेब मोठ्याने हसले. “अहो, मग आधी नाही का सांगायचं! रेडियम! माझ्या स्कूटरला मागे तेच लावलंय!”

शिपाई त्या सगळ्यांत हुशार होता. तो म्हणाला, “पण साहेब, ते वाजतंय. याचं वाजत नाही.”

मी घड्याळाचा हात पदराखाली घेतला. पण काशिनाथ कधी नव्हे तो वेळेवर बोलला. “बाईंचा इंपोर्टेड हाय, सायेब. आमचा लोकल माल. लोकल आवाज नाय करत.”

साहेबांना हे पटलं. त्यांनी फायलीत लिहिलं: ‘पाहणी केली. रेडियम आढळले. नेहमीचेच आहे. हरकत नाही.’ मेणबत्ती विझवली. चहा मात्र घेतला नाही.

वरचे गृहस्थ दोन दिवस खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेले. ते म्हणाले, “खोटं बोललो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी अगदी खरं बोललो. आणि त्यांना ते दुसरंच वाटणार, हे मला ठाऊक होतं. याला काय म्हणायचं?” त्या दिवशी मी त्यासाठी शब्द शोधला नाही.

मग त्यांनी घड्याळाचं सांगितलं. आकड्यांच्या रंगात रेडियमबरोबर जस्ताची एक पूड मिसळलेली असते. रेडियम तिच्यावर सतत मारा करतं आणि ती हिरवी उजळते. जगाने तो हिरवा रंग घड्याळांवर पाहिला, आणि चित्रं काढणाऱ्यांनी तोच सगळ्या किरणोत्सर्गाला देऊन टाकला. तुमच्या पिंपांचा हिरवा रंग तिथून आला. मी म्हटलं, पण यातलं रेडियम केव्हाच संपलं. ते म्हणाले, “मारा खाऊन खाऊन पूड थकली, बाई. रेडियम अजून पाळण्यात आहे. त्याचं अर्धायुष्य सोळाशे वर्षं.” काच उघडायची नाही, घड्याळजीला द्यायचं नाही, उशाशी ठेवायचं नाही, हेही त्यांनी लिहून दिलं. त्या कागदातला एकही शब्द मी खोडला नाही.

काशिनाथला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “दोन सबदांसाठी एवढा रामायन? मंग ते परत लावून टाकू.” आणि त्याने हिरव्या कागदातून ते दोन शब्द कापून पाटीवर चिकटवले. पाटी झाली: ‘रेडियम हा शब्द आर्ट’. गृहस्थांनी ती रस्त्याच्या पलीकडून वाचली आणि मान डोलावली. मराठी न येणाऱ्या एका सरदारजी ड्रायव्हरला ती हिरवी अक्षरं इतकी आवडली, की त्याने आपल्या ट्रकच्या मागेही तीच लावून घेतली. पुढे कितीतरी दिवस कळंबोलीच्या रस्त्याला एक ट्रक दिसे, त्याच्या पाठीवर हिरव्या अक्षरांत ‘हा शब्द’ एवढंच लिहिलेलं असे.

काही वर्षांनी ते गृहस्थ भाचीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. भाचीचं पोस्टकार्ड आलं. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. काशिनाथच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. ते त्याच्या सुनेचं आहे आणि तीही सावलीतच बसते.

वडलांचं घड्याळ माझ्याकडे आहे, कपाटात वरच्या कप्प्यात, पत्र्याच्या डबीत. काच शाबूत आहे. काटे सव्वाचारवर थांबलेले आहेत. अंधारात ते चमकत नाही. वडलांनी ते घेतलं त्याला सत्तर वर्षं झाली, आणि त्यातल्या रेडियमचे शंभरातले सत्त्याण्णव भाग अजून आहेत.